संस्थानी शिकार : रान राहिले, माळ गेला

करवीर संस्थानच्या राज्यकारभाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने संस्थानी शिकारीचा इतिहास उपेक्षित राहिला. वस्तुतः कागल-निपाणी परिसराचे पूर्वीचे निसर्गवैभव कोणते होते आणि त्यातील काय टिकले, ह्याचा उलगडा त्याच इतिहासातून होतो.

राजर्षी शाहू छत्रपती १८७४ साली कागलच्या घाटगे घराण्यात जन्मले. १८८४ साली ते करवीरच्या गादीस दत्तक आले व १८९४ ते १९२२ पर्यंत त्यांनी राज्य केले. मृगयेचा त्यांना मोठा षोक असे. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारण्यात त्यांचा हातखंडा होता. संस्थानच्या पश्चिमेस दाजीपूरचे निबिड अरण्य शिकारीसाठी राखलेले होते, तर पूर्वेकडील उघड्या माळांवर काळविटांचे कळप चरत.

माळावरील शिकार चित्त्याकरवी होई. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीवर बसवून नेत. गाडीला सरावलेली हरणे बिचकत नसत. पुरेसे जवळ जाताच चित्तेवान टोपी काढून त्याला सोडी. चित्त्याचा वेग अफाट, परंतु दम थोडा; काही शे हातांत सावज साधले नाही तर तो पाठलाग सोडून देई. बंदिवासात हा प्राणी सहसा वीत नसे, म्हणून प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. पुढे देशी चित्ते इतके दुर्मिळ झाले की, कोल्हापूरसारख्या संस्थानांना ते आफ्रिकेतून मागवावे लागले. मध्य भारतातील कोरिया संस्थानात १९४७ च्या सुमारास अखेरचे तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ साली हा प्राणी देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले.

अरण्याचे भाग्य मात्र निराळे ठरले. १९५८ साली दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाले. आजच्या महाराष्ट्रातील ते पहिले अभयारण्य होय. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले आणि २०१२ साली सह्याद्रीतील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. ह्याच डोंगरांतून येणारी दूधगंगा कागलवरून वाहत वेदगंगेला सोबत घेते आणि चिकोडी तालुक्यात कृष्णेस मिळते. राजाच्या छंदासाठी राखलेल्या रानाचे पाणी आज सीमेच्या दोन्ही बाजूंचा शेतकरी वापरतो.

एकाच संस्थानातील दोन शिकारभूमींचे प्राक्तन असे भिन्न का झाले? महसुली दप्तरात अरण्याची नोंद 'राखीव' आणि माळाची 'पडीक' अशी होत आली. अरण्यास राजाचा धाक होता, देवराईस देवाचा. माळास कोणाचाच नव्हता. नांगर, तंबाखू, ऊस आणि वसाहती ह्यांनी तो व्यापला आणि काळविटांचे कळप दिसेनासे झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटास अभय मिळाले खरे, परंतु तोवर त्याचे गवत गेले होते.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले. प्राणी सातासमुद्रांपलीकडून आणता येतो. माळ तसा आणता येत नाही. म्हणून गावोगावी जी गायराने अद्याप शिल्लक आहेत, त्यांस पडीक म्हणण्यापूर्वी हा इतिहास ध्यानी घेणे उचित ठरेल.