बान्यालबुफारचे पाणी

स्पेनच्या मायोर्का बेटावरचे बान्यालबुफार हे गाव मालवासिया द्राक्षाच्या वाइनसाठी प्रसिद्ध आहे. वाइन आपल्याला हराम. तरी हे गाव मला परके वाटत नाही. समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगराला दगडी बांध घालून तिथे टप्प्याटप्प्याची शेती आहे. झऱ्याचे पाणी टाक्यात साठवून पाटाने खाली सोडतात. या व्यवस्थेची सुरुवात अरब काळातली. टाक्याला तिथे ‘सफरेच’ म्हणतात. आपल्या ‘हौदा’सारखा तोही मुळात अरबी शब्द.

१२२९ च्या अखेरीस राजा जाउमेने बेटाची राजधानी घेतली. मुसलमान मारले गेले, गुलाम झाले, काही पळाले. आपण या पानावर सुलतानांसाठी हळहळतो. पाट खोदणाऱ्या कुणब्यांची आठवण कुणाला? पुढे त्याच उतारावर ख्रिस्ती मालकांनी मालवासिया पिकवली. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा किडीने वेली मेल्या, मग टोमॅटो आले. आता पुन्हा मालवासिया लावतात.