अदृश्य किरण आणि लसूणघास

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं एक गाय होती. पावसाळ्यांतील एका सकाळीं ती दावें तोडून ओल्या लसूणघासाच्या वाफ्यांत शिरली आणि पोटभर चरली. दुपारपर्यंत तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली आणि दिवेलागणीपूर्वीं ती गेली. चाऱ्यानें जनावर मरतें कसें, असें मीं वडिलांस विचारलें, ते म्हणाले, "घास मारीत नाहीं, फेस मारतो." हें उत्तर शास्त्रशुद्ध होतें, हें कळण्यास मला पुष्कळ वर्षें लागलीं. कोवळ्या लसूणघासांतील प्रथिनें गाईच्या पहिल्या पोटांत झपाट्यानें विरघळतात, त्यांचा चिवट फेस होतो आणि त्यांत अडकलेला वायु बाहेर पडेनासा होतो.

ह्या फेसाचें मूळ पानाच्या रेणूंत शोधण्याचें जें साधन आज आहे, त्याचा उगम मात्र गोठ्यापासून फार दूर, एका ज्योतिषाच्या घरीं झाला. विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा, पेशानें वादक. १७८१ सालीं युरेनस ग्रह शोधून काढल्यामुळें त्याचें नांव सर्वत्र झालें. सूर्याचें निरीक्षण करतांना तो दुर्बिणीला रंगीत कांचा लावी. कांहीं कांचांतून उजेड थोडा, पण उष्णता फार येई. कांहींतून नेमकें उलट. ह्याचें कारण पाहावें म्हणून १८०० सालीं त्यानें लोलकानें ऊन फोडलें व निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवला. जांभळ्यापेक्षां हिरव्यांत व हिरव्यापेक्षां तांबड्यांत पारा अधिक चढला. आमच्यापैकीं बहुतेकांनीं येथें वही मिटली असती. हर्शेलनें तापमापक तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें तेथें सरकविला, आणि पारा सर्वांत अधिक तेथेंच चढला! हेच अवरक्त किरण.

सतारीची मुख्य तार छेडली कीं खालची जुळलेली तरफ आपोआप झणाणते, हें आपण ऐकलेंच असेल. रेणूंतील अणूंचे बंधहि असेच आपापल्या लयीनें थरथरत असतात, आणि अवरक्त किरणांतील जुळणारी तेवढी लय शोषून घेतात. कोणती लय शोषली गेली हें मोजलें कीं आंत कोणता बंध आहे तें समजतें. अमेरिकेंतील कोब्लेंट्झ ह्यानें १९०५ सालीं शंभराहून अधिक पदार्थांचे असे आलेख प्रसिद्ध करून ह्या विद्येचा पाया घातला. १९६५ सालीं कूली व टुकी ह्यांनीं गणिताची एक जलद रीत दिली, यंत्रगणकानें ती उचलली, आणि तासांचें काम मिनिटांवर आलें. चाऱ्याचा कस ह्या किरणांनीं अजमावण्याचा कार्ल नॉरिस व त्याच्या सहकाऱ्यांचा प्रबंध १९७६ चा.

आतां पुन्हां घासाकडे वळूं. कांहीं वनस्पतींत टॅनिन नांवाचीं तुरट द्रव्यें असतात. तीं प्रथिनांस धरून ठेवतात व फेस होऊं देत नाहींत. लसूणघासाच्या पानांत तीं जवळजवळ नाहींत. म्हणून कॅनडांतील संशोधकांनीं मक्याचें 'एलसी' नांवाचें जनुक लसूणघासांत घातलें. तो वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. गंमत अशी, कीं त्या रोपांवर जांभळी झांक येई ती प्रखर उजेड वा थंडी असली तरच! पुढें सास्काटून येथील विद्यापीठांत ह्या पानांचा फेस व त्यांचा अवरक्त आलेख ह्यांची सांगड घालून पाहण्यांत आली. प्रथिनांचीं दोन ठळक शिखरें दर सेंटिमीटरास सुमारें १६५० व १५५० लाटांच्या ठिकाणीं येतात. पहिल्याच्या आकारावरून प्रथिनाची सांखळी मळसूत्रासारखी वळलेली आहे कीं पत्र्यासारखी पसरलेली, ह्याचा अदमास होतो. पत्र्याची घडी जास्त असेल तर पाचकरसांस तिच्यांत शिरणें अवघड जातें, असें हे संशोधक मानतात. प्रथिनाचें वजन तेंच, पण घडी निराळी; साध्या रासायनिक पृथक्करणाला हा भेद दिसत नाहीं. 'टीटी-८' व 'एचबी-१२' हीं दोन जनुकें मुकीं केलेल्या लसूणघासाचीहि अशीच पाहणी पुढें त्यांनीं केली.

तथापि ह्या आलेखाला मी पंचांग मानावयास तयार नाहीं. लिग्निनचें शिखर १५१० च्या आसपास, म्हणजे प्रथिनाच्या दुसऱ्या शिखराला अगदीं खेटून येतें. दोघांची गल्लत सहज होते. शिवाय कापणीचें वय व हवा बदलली तरीहि आलेख बदलतो. म्हणून बदललेलें व मूळचें झाड एकाच मातींत वाढवून एकाच दिवशीं कापलेलें नसेल, तर त्या तुलनेला अर्थ नाहीं.

आणि कांहीं प्रश्न तर ह्या यंत्राच्या कक्षेंतच येत नाहींत. तणनाशक सोसणाऱ्या लसूणघासाला अमेरिकेंत २००५ सालीं परवानगी मिळाली, २००७ सालीं न्यायालयानें ती अडविली, २०१० सालीं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि २०११ सालीं ती पुन्हां मिळाली. वाद होता तो मधमाश्यांनीं शेजारच्या शेतांत नेलेल्या परागाचा. एका पानाचा आलेख त्यावर काय बोलणार? लिग्निन कमी केलेल्या वाणाला तेथेंच २०१४ सालीं मोकळीक मिळाली. त्याची कापणी थोडी लांबली तरी चारा फारसा निबर होत नाहीं.

आमच्या घरीं मात्र त्या पावसाळ्यापासून लसूणघास कापून, सुकवून आणि कडब्यांत मिसळूनच गव्हाणींत पडूं लागला. वडील हयात होते तोंवर तें काम त्यांनीं दुसऱ्या कोणावर सोंपविलें नाहीं.