बुडीत शिल्लक : अमेरिकेतील एका वेतन-सवलतीचा इतिहास

सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या माणसाला मार्च महिना विसरता येत नाही. मंजूर अनुदान ३१ मार्चपर्यंत खर्ची पडले नाही तर ते व्यपगत होणार, या धास्तीने शेवटच्या आठवड्यात कपाटे, खुर्च्या आणि पडदे यांची खरेदी उरकली जाते. आम्ही ते वर्षानुवर्षे पाहिले आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, तशा देयकांवर सह्याही केल्या. अमेरिकेत मुलीकडे राहावयास गेलो तेव्हा असाच देखावा तेथील पगारदारांच्या घरांतून डिसेंबरात दिसतो हे कळले. गरज असो वा नसो, चष्मे बनविले जातात, दातांची कामे काढली जातात. फरक एवढाच की, तेथे व्यपगत होणारा पैसा सरकारचा नसून पगारदाराचा स्वतःचा असतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या जुन्या घरांतील कितीतरी मुले आज तिकडे नोकरीस आहेत. बहुतेकांना दर वर्षी शरद ऋतूत, बहुधा नोव्हेंबरच्या सुमारास, कंपनीचे एक नोंदणी-पत्रक भरावे लागते. त्यात ‘फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट’ नावाचा एक रकाना असतो. हा रकाना कोठून आला, हे पाहण्यासारखे आहे.

त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. ऑक्टोबर १९४२ च्या कायद्याने अमेरिकेत वेतनवाढीवर बंधन आले. मात्र विमा आणि निवृत्तिवेतन यांच्या वाजवी तरतुदीला त्यातून वगळण्यात आले. कामगार तर हवेत, पण पगार वाढविता येत नाही, अशा पेचात सापडलेल्या कारखानदारांनी आरोग्यविमा देऊ केला. मालकाने भरलेला हा हप्ता नोकराचे करपात्र उत्पन्न नव्हे, हे १९५४ च्या प्राप्तिकर संहितेने पक्के केले. युद्धकाळातील सोय अशा रीतीने कायमची झाली.

पुढे प्रश्न आला निवडीचा. जो पैसा हाती घेण्याची मुभा होती तो प्रत्यक्षात घेतला नाही तरी मिळालाच असे समजावे, हे कर-कायद्याचे जुने तत्त्व. त्यामुळे नोकराला ‘रोख घे किंवा विमा घे’ असे विचारले की विम्यावरही कर लागू होण्याचा धोका असे. १९७८ च्या महसूल कायद्याने संहितेत १२५ वे कलम घालून याला अपवाद केला. उपाहारगृहात आपल्याला हवे ते पदार्थ निवडून घ्यावेत तशा या सोयी, म्हणून त्यांना ‘कॅफेटेरिया प्लॅन’ हे नाव पडले. आपल्या मुलांच्या तोंडी नेहमी असणारे निवृत्तीचे ‘४०१ के’ खातेही याच कायद्यातून जन्मले. १९८१ मध्ये अपत्य-संगोपनाच्या खर्चालाही करमुक्तीची वाट मोकळी झाली.

व्यवहार असा आहे : वर्ष सुरू होण्यापूर्वी पगारदाराने रक्कम ठरवायची, ती दर पगारातून कर आकारण्यापूर्वीच कापली जाते आणि पावत्या दाखविल्यावर परत मिळते. २२ टक्के दराने केंद्रीय प्राप्तिकर भरणाऱ्याचे, त्यावरील ७.६५ टक्के सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर कपात धरून, हजार डॉलरमागे सुमारे २९६ डॉलर वाचतात. १२ टक्केवाल्याचे सुमारे १९६ च वाचतात. ज्याचे उत्पन्न अधिक त्याला सवलतही अधिक, हा या योजनेतील मूळचा दोष होय. मालकाचेही आपल्या वाट्याचे ७.६५ टक्के वाचतात. तेव्हा त्याच्या उत्साहाचे कारण निराळे शोधावयास नको.

आरंभी काही मालकांनी युक्ती काढली. वर्षभर पगार द्यायचा, आणि जो खर्च झाला असेल तेवढा भाग मागाहून करमुक्त दाखवायचा. १९८४ मध्ये कर-खात्याने हे बंद केले. रक्कम आधी ठरली पाहिजे, ठराविक कारणांवाचून ती मध्येच बदलता येणार नाही, आणि उरलेली शिल्लक परत मिळणार नाही, असा दंडक आला. विमा म्हटला की जोखीम हवीच, हा त्यामागील युक्तिवाद. बुडालेली शिल्लक सरकारजमा होत नाही. ती मालकाच्या योजनेकडे राहते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. आरोग्य-खात्यात ठरविलेली संपूर्ण वार्षिक रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते. ती खर्चून कोणी मार्चमध्ये नोकरी सोडली तर मालकाला उरलेली कपात वसूल करता येत नाही. संगोपन-खात्यात मात्र जेवढे कापले गेले असेल तेवढेच मिळते.

या दंडकाचा अनुभव आम्ही स्वतः घेतला. २०१२ साली मुलीने नातवाच्या पाळणाघरासाठी पाच हजार डॉलर लावून ठेवले होते. आम्ही उभयता फेब्रुवारीत पोहोचलो. नातू घरीच राहू लागला. आमच्यामागून व्याही आणि विहीणबाई आल्या. पाळणाघर सुटल्यावर कपात थांबविण्याचा अर्ज करता येत होता. पण तिच्या कंपनीच्या योजनेत त्यासाठी तीस दिवसांची मुदत होती, आणि पाहुणचाराच्या धांदलीत ती निसटली. बहुतेक रक्कम बुडाली. “बाबा, तुम्ही आलात हे त्याहून मोठं,” असे ती म्हणाली खरी. परंतु आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज मुदतीबाहेर म्हणून फेटाळणाऱ्या आम्हांस त्या रात्री झोप लागली नाही.

दंडक हळूहळू सैल होत गेला. २००५ मध्ये अडीच महिन्यांची वाढीव मुदत देण्याची मुभा मालकांना मिळाली. २०१० च्या आरोग्य कायद्याने आरोग्य-खात्याला २०१३ पासून २,५०० डॉलरची मर्यादा घातली. पण त्याच २०१३ च्या ऑक्टोबरात ५०० डॉलरपर्यंतची शिल्लक पुढील वर्षात नेण्याचीही परवानगी आली. २०२६ साठी हे आकडे ३,४०० आणि ६८० असे आहेत. वाढीव मुदत किंवा शिल्लक पुढे नेणे, यांपैकी एकच सोय मालकाला देता येते, आणि तीही द्यावीच असे बंधन नाही. संगोपन-खात्याची पाच हजारांची मर्यादा १९८६ च्या कायद्याने आली. २०२१ या एका वर्षाचा अपवाद सोडला तर ती २०२५ अखेर तशीच राहिली. २०२६ पासून ती ७,५०० झाली आहे. शिल्लक पुढे नेण्याची सोय मात्र या खात्याला नाही.

आमच्या पिढीने भविष्य निर्वाह निधीत पैसे टाकले. त्यावरही करसवलत मिळाली, पण टाकलेला रुपया आपलाच राहिला. करसवलतीच्या बदल्यात पुढच्या वर्षाच्या आजारपणाचा आणि घरातल्या माणसांच्या जाण्यायेण्याचा अंदाज आधी लिहून द्यायचा, ही रीत आपल्याला अपरिचित आहे. म्हणून वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते : नातवंडांकडे जाण्याचा बेत असेल तर त्या तारखा मुलांना ऑक्टोबरातच कळवाव्यात, म्हणजे नोव्हेंबरातले पत्रक त्यांना नीट विचार करून भरता येईल. आम्ही आता तसेच करतो.