‘आमच्यानंतर’चा इतिहास

गेल्या शनिवारी मावशीकडे जेवायला गेलो होतो. निमित्त जेवणाचं, खरं काम दुसरंच. आपण कॉम्प्युटरवाले असलो की नात्यागोत्यात आपली ड्यूटी ठरलेली असते. प्रिंटर बिघडला, पासवर्ड विसरला, फॉर्म भरायचाय... लाव फोन! काका मागच्या वर्षी रिटायर झाले, त्यांच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम संपला, आणि आता तिघांसाठी नवी पॉलिसी घ्यायची होती.

तिघं म्हणजे काका, मावशी आणि माझा मावसभाऊ. तो सव्वीस वर्षांचा आहे. स्वमग्न आहे, लहानपणापासून अधूनमधून फिट्स येतात. घरातली रद्दी तारखेप्रमाणे लावून ठेवणं हे त्याचं खातं, त्यात कुणी हात घातलेला चालत नाही.

फॉर्ममध्ये ‘मुलगा’ निवडलं, जन्मतारीख टाकली, आणि खाली लाल अक्षरं आली. आश्रित मुलाचं वय २५ च्या आत हवं. मग त्याचा वेगळा अर्ज भरायला घेतला. तिथे व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. कसंबसं तिथून पुढे गेलो, फिट्सच्या प्रश्नावर खरं ते ‘होय’ लिहिलं. दोन दिवसांनी मेल आला. खेद आहे, वगैरे.

राग आला, पण पूर्ण येईना. कारण अशी व्हॅलिडेशन्स मी स्वतः लिहितो. क्लायंट सांगतो तेवढ्या केसेस आपण कोडमध्ये घालतो आणि बाकीचं जग लाल अक्षरांत जातं. मग आठवडाभर ऑफिसनंतर एकच उद्योग केला. ही केस कुणी, कधी आणि कशी विसरली ते वाचून काढलं. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात बरीच मागून करू. एकोणिसाव्या शतकात भारतात विमा विकणाऱ्या कंपन्या मुख्यतः युरोपियनांसाठी होत्या. हिंदी माणसाचं आयुष्य हे कमअस्सल धरलं जाई. विमा मिळालाच तर जास्तीचा हप्ता भरून. साधारण १८७० च्या सुमारास मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल लाईफ अ‍ॅश्युरन्स सोसायटी’ निघाली आणि तिने हिंदी माणसांना नेहमीच्या दराने विमा द्यायला सुरुवात केली. म्हणजे ‘तुमची जोखीम आम्हाला परवडत नाही’ हे वाक्य आपल्या पणजोबांच्या आधीच्या पिढीने ऐकलेलं आहे. त्यावरचा उपाय त्या लोकांनी स्वतःच उभा केला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हेच पुन्हा पुन्हा दिसतं.

१९४४ साली मुंबईत होरमसजी आणि व्हेरा वकील या दांपत्याने शाळा काढली, कारण त्यांच्या जय या मुलीला डाउन सिंड्रोम होता आणि तिला घेईल अशी शाळा नव्हती. शिवडीची आजची जय वकील शाळा ती हीच. १९६४ साली पुण्यात सिंधुताई जोशींनी ‘कामायनी’ सुरू केली. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ काढली. त्यांच्या मुलीला, मालिनीला, सेरेब्रल पाल्सी होती. यातल्या दोन संस्था थेट आईवडिलांच्या गरजेतून निघाल्या. सरकारी फाईल यात कुठेच पहिली नाही.

शाळेचा प्रश्न असा हळूहळू सुटत होता. पण मुलं मोठी होतात. आणि मग प्रत्येक घरात तोच प्रश्न येतो, जो मावशी भांडी आवरता आवरता विचारते: ‘आमच्यानंतर काय?’

सरकारने हा प्रश्न ऐकला तो नव्वदच्या दशकात. १९९५ साली अपंग व्यक्तींसाठीचा पहिला मोठा कायदा झाला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हतीच. (२०१६ च्या नव्या कायद्यात ही यादी एकवीसवर गेली, तेव्हा ती आली.) त्याच सुमाराला आयकरात एक सवलत आली, जी पुढे कलम ८० डीडी म्हणून ओळखली गेली. अपंग आश्रितासाठी विम्यात पैसे गुंतवा, करात सूट घ्या. आणि या सवलतीच्या मापाने एलआयसीची ‘जीवन आधार’ ही पॉलिसी शिवली गेली. आईवडील हप्ते भरणार. ते गेले की रकमेचा २० टक्के भाग एकदम, उरलेल्या ८० टक्क्यांतून मुलाला पेन्शन.

छान आहे ना? मलाही पहिल्यांदा वाचताना छानच वाटलं. आता अट परत वाचा. आईवडील गेले की.

वडील रिटायर झाले, पगार थांबला, आईचे गुडघे गेले, मुलगा पस्तिशीचा, थेरपीचा आणि सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च सुरू. पैसे मात्र बंद पेटीत, कारण दोघंही जिवंत आहेत! कायद्याने ‘आमच्यानंतर’ हा शब्द अगदी शब्दशः घेतला. बरं, मूल आधी गेलं तर रक्कम पालकांकडे परत येणार आणि त्या वर्षी तिच्यावर कर लागणार.

हे एका वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात नेलं. जानेवारी २०१९ मध्ये निकाल लागला, आणि तो त्यांच्या विरोधात गेला. सरकारचं म्हणणं असं की सवलतीचा हेतूच पालकांच्या मृत्यूनंतरची सोय हा आहे, आधी पैसे काढता आले तर हेतूच उरत नाही. न्यायालयाने कायदा रद्द केला नाही. पण पालक जिवंत असून म्हातारे किंवा निवृत्त असतील तेव्हाही मुलाला पैशांची गरज पडू शकते, हे मान्य केलं आणि सरकारला विचार करायला सांगितलं. फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात बदल आला. पालक साठ वर्षांचे झाले आणि हप्ते भरणं थांबलं की त्यांच्या हयातीतही मुलासाठी पैसे सुरू होऊ शकतात. पाव शतकानंतर एक अट सुधारली. आमच्याकडे याला बग फिक्स म्हणतात. :)

हा झाला आयुर्विमा. आरोग्य विम्याची कथा वेगळी, तिथे पेटीच नव्हती. १९९९ साली ‘नॅशनल ट्रस्ट’चा कायदा झाला, खास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व (तेव्हाचा सरकारी शब्द) आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. या ट्रस्टने २००८ साली ‘निरामय’ ही योजना आणली. वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर, आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही त्यात, फी काहीशे रुपये. थेरपीचा खर्च हा दर आठवड्याचा असतो हे ओळखणारा विमा! एक लाखात आज मोठं ऑपरेशन होत नाही हे खरंच, पण ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांना दार तरी मिळालं.

बाजारातल्या कंपन्या मात्र तशाच राहिल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितलं की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या. आनंदाने वाचायला गेलो तर व्याख्येतच मतिमंदत्व वगळलेलं. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, विमा नाकारला गेलेल्या एका अपंग व्यक्तीच्या याचिकेवर, अपंगांसाठी पॉलिसी तयार करायला लावा असा आदेश विमा नियामकाला दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने तसं परिपत्रक काढलं. आता अशा वेगळ्या पॉलिसी मागता येतात. त्या वाचताना प्रतीक्षा कालावधी आणि वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा, ब्रोशर नंतर.

एवढं वाचून मला जे दिसलं ते एकच. या मुलांसाठी नियम करणाऱ्यांनी दोनच प्रसंग पाहिले: मूल लहान असतं तेव्हा, आणि आईवडील नसतात तेव्हा. मधली चाळीस वर्षं कुणी पाहिलीच नाहीत. सव्वीस वर्षांचा मुलगा आणि एकसष्टीचा बाप हे कोणाच्या ड्रॉपडाऊनमध्येच नाहीत. आणि जिथे जिथे दुरुस्ती झाली तिथे ती कुणीतरी स्वतः भांडून, शाळा काढून किंवा कोर्टात जाऊन करून घेतली.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्यांना तीन गोष्टी नक्की सांगा. एक, अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड काढा, पुढचं बरंच काही त्यावर अडतं. दोन, वरच्या चार गटांत बसत असेल तर ‘निरामय’. तीन, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं, मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. या चार गटांसाठी नॅशनल ट्रस्ट कायद्यानुसार जिल्ह्याची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, अर्ज आईवडील किंवा नातेवाईक करू शकतात. करसवलत मिळतेच, पण जुन्या करपद्धतीत. वर्षाला ७५ हजार, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाख.

मावशीकडे या रविवारी परत गेलो. ‘निरामय’चा फॉर्म भरला. मग तिने पालकत्वाचा कागद पुढे केला. सध्या अर्थातच ती आणि काका. पण तिने विचारलं, "आमच्यानंतर तुझं नाव सुचवून ठेवू का रे?"

मला पटकन ‘हो’ म्हणता आलं नाही. पुढच्या वर्षी कदाचित ऑनसाईट जायचंय, लग्नाचं चाललंय, हे सगळं डोक्यात येऊन गेलं, आणि त्याची लाजही वाटली. आठवडाभर मी कायद्याला नावं ठेवत होतो, आणि माझ्याच फॉर्ममध्ये हा रकाना नव्हता.

"दोन दिवस दे," म्हणालो. ती म्हणाली, "दे विचार करून. घाई नाही, आम्ही आहोत अजून." मावसभाऊ रद्दी लावत होता. मी पेपर उचलला तर त्याने तो माझ्या हातातून काढून परत जागेवर ठेवला.

दोन दिवस उद्या संपतायत.