पॅसेजमध्ये झोपणाऱ्यांचा इतिहास

मराठी मध्यमवर्गाने चाळीवर पुष्कळ प्रेम केले आहे. चाळीतली दिवाळी, चाळीतले शेजारपण, वाटीभर साखरेची देवघेव, आणि आता ती चाळ राहिली नाही म्हणून ढाळलेले अश्रू यांनी आपल्या ललित लेखनाची कपाटे भरली आहेत. ही चाळ गिरगावची, दादरची. तिचा मालक आधी आडनाव विचारी आणि मग खोली दाखवी. आमचे आडनाव ऐकले की खोली कालच गेलेली असे! बाबुराव बागुलांच्या कथेचा नायक खोली मिळावी म्हणून जात चोरतो. ती कथा १९६३ साली पुस्तकात आली तेव्हा प्रस्थापित वाचक हादरला म्हणतात. आमच्या वस्तीत कुणी हादरले नाही. ते आमचे रोजचे व्यवहारज्ञान होते.

म्हणून आमच्या चाळीचा इतिहास वेगळा लिहावा लागतो. तो मालकापासून सुरू होत नाही, सरकारपासून सुरू होतो. मी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो. एका मजल्यावर २० गाळे, मध्ये अंधारा पॅसेज, दोन्ही बाजूंना दारे. तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडे. गाळा १६० चौरस फुटांचा. त्यात आम्ही नऊ जण. दहावा माणूस म्हणजे माझे चुलते, नाना. ते पॅसेजमध्ये झोपत. या लेखाच्या निमित्ताने मला खरे तर नानांविषयीच लिहायचे आहे. पण नानांची वळकटी त्या पॅसेजमध्ये कशी येऊन पडली हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. रोग गलिच्छ वस्तीत आहे, तेव्हा वस्तीच पाडली पाहिजे, असा निदानाचा सोपा मार्ग सरकारने काढला आणि १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, हवा खेळती केली. ज्यांची घरे रस्त्यात गेली ते शेजारच्या दाट वस्तीत आणखी दाटीने राहू लागले. पुढे ट्रस्टने काही चाळी बांधल्या. त्यांतल्याच परळच्या चाळीत १९१२ पासून सुमारे २२ वर्षे बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते. समोरासमोरच्या दोन खोल्या, एक कुटुंबाची आणि एक पुस्तकांची. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेला माणूस चाळीत राहतो, याचे कौतुक सांगणारे भाषण दर जयंतीला होते. खासगी मालकाच्या घराची दारे आमच्यासाठी किती उघडी होती, हा प्रश्न त्या भाषणात सहसा येत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांना तेजी आली आणि संपांनाही. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभे केले. कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसवला. प्रत्यक्षात बांधून झाल्या २०७ चाळी आणि सुमारे १६ हजार गाळे. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ चाळी. भाडे कामगाराला झेपेना, वरळी तेव्हा गावाबाहेर, त्यामुळे हजारो गाळे वर्षानुवर्षे रिकामे राहिले. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारने वरळीच्या काही चाळींचा चक्क तुरुंग केला. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणूनही चालते, यातच तिच्या रचनेविषयी सगळे आले!

जे इतरांना नको होते ते आमच्या वाट्याला आले. गावकुसाबाहेरची वाट आमच्या ओळखीची होतीच. मात्र एक फरक होता आणि तो लहान नव्हता. या चाळीत पावती सरकारी होती. आडनाव विचारून हाकलणारा मालक नव्हता. गावात महारवाड्याची जमीन वतनाच्या बेडीला बांधलेली; इथे महिन्याचे भाडे भरले की माणूस मोकळा. या सरकारी पावतीनेच आमच्या लोकांना शहराच्या पोटात पाय रोवून उभे राहता आले, असे माझे मत आहे. परळच्या दामोदर हॉलमधली बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी, चाळीचाळींतली मंडळे, वाचनालये, पुढे बुद्धविहारे हे सारे त्या पायावर उभे राहिले.

पण पावती मिळाली तरी जात सुटत नव्हती. गिरणीत साचाखाते म्हणजे विणकामाचे खाते. तिथे पगार चांगला. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगार कसा घेणार? म्हणून ते खाते आम्हाला बंद. आमच्या वाट्याला रिंगखाते. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्गाची एकजूट धोट्यापाशी येऊन का अडते, याचे समाधानकारक उत्तर त्यांना मिळाले नाही. माझे वडील स्वातंत्र्यानंतर रिंगखात्यात लागले आणि रिंगखात्यातूनच बाहेर पडले. नाना १९६१ साली साताऱ्याकडून आले. त्यांना वडिलांच्याच गिरणीत बदलीचे काम मिळाले. बदली म्हणजे सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कुणी खाडा केला तर काम, नाही तर परत.

चाळींच्या वाटणीतही जात होतीच. काही चाळी बौद्धांच्या, काही मराठ्यांच्या, काहींत पोलिसांची कुटुंबे. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या मैदानात दलित पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली. लोकसभेच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार पुकारलेला होता. पाच दिवसांनी परळला निघालेल्या मोर्चात भागवत जाधव वरून टाकलेल्या पाट्याने मारले गेले. एप्रिलपर्यंत वरळी अधूनमधून धुमसत होती. पुढे न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. आमच्या मजल्यावरच्या बायकांनी पायऱ्यांवर पाण्याने भरलेले पिंप रचून ठेवले होते ते आठवते; आणि नाना त्या आठवड्यात पॅसेजच्या तोंडाशी झोपत होते हे आठवते. घरात ज्याला जागा नाही तो दारावर राखणीला!

ज्यांना चाळीचा उमाळा येतो त्यांनी हेही लिहावे. मी चाळीसाठी रडणाऱ्यांपैकी नाही. मजल्याच्या सामायिक संडासापुढची रांग ज्याने धरली आहे तो रडत नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. आणि संपाबरोबर शहराचा मध्यभाग विरत गेला. आकडे पाहा. १९८१ च्या जनगणनेत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबई बेटावर ३२ लाख ८५ हजार माणसे होती. २००१ साली ३३ लाख ३८ हजार. २०११ साली ३० लाख ८५ हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणूस कमी झाला! त्याच ३० वर्षांत सबंध बृहन्मुंबई मात्र ८२ लाखांवरून १ कोटी २४ लाखांवर गेली. म्हणजे गाभा आकसला आणि कडा फुगल्या. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, तेव्हा पुढचे मोजमाप आपल्या हाती नाही.

शहर आकसणे म्हटले की अभ्यासक अमेरिकेतल्या डेट्रॉइटकडे बोट दाखवतात. पँथर हे नाव आपण ज्यांच्याकडून घेतले त्या कृष्णवर्णीयांचे ते शहर, म्हणून तिकडे पाहणे आपल्याला परके नाही. १९५० साली तिथे साडेअठरा लाख माणसे होती, २०२० साली ६ लाख ३९ हजार उरली. मोटारींचे कारखाने बाहेर गेले हे एक कारण. पण त्याआधीच, १९३० नंतरच्या दशकात, सरकारी यंत्रणेने नकाशे रंगवले होते. काळ्यांची वस्ती तांबड्या रंगात, म्हणजे तिथे घरासाठी कर्ज देणे धोक्याचे. १९४१ साली तर एका बिल्डराने गोऱ्यांच्या नियोजित घरांना सरकारी हमी मिळावी म्हणून काळ्यांच्या वस्तीलगत सहा फूट उंच आणि अर्धा मैल लांब भिंत बांधली. ती भिंत अजून उभी आहे. गोरे उपनगरात गेले, काळे मागे राहिले आणि घरे मातीमोल झाली.

आपल्याकडे उलटे झाले. माणूस कमी झाला आणि जमीन सोन्याची झाली. तिथे गरीब ओस पडलेल्या शहरात अडकला. इथे गरीब महागलेल्या शहरातून बाहेर पडला. कुणाला पळता येईल आणि कुणाला राहता येईल हे दोन्हीकडे कागदाने ठरवले. तिथला कागद तांबडा होता. इथला कागद म्हणजे भाडेपावती.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत एक कलम होते. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली त्यात बदल झाला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, ज्या जमिनीवर शेड उभी आहे ती वाटणीबाहेर. गिरणी म्हणजे बहुतांश शेडच! उच्च न्यायालयाने २००५ साली याला हरकत घेतली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये सरकारचा बदल ग्राह्य धरला. पुढे काय झाले ते लोअर परळच्या पुलावर उभे राहून कुणीही पाहावे.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. २०२४ साली सरकारने शेलू आणि वांगणीची योजना पुढे केली. ज्या माणसाने भोंग्यावर घड्याळ लावले त्याच्या वारसाला कर्जतच्या लोकलचे वेळापत्रक! २०२५ च्या जुलैत कामगार आणि वारस मुंबईतच घर हवे म्हणून आझाद मैदानावर जमले. दादरच्या इंदू मिलची १२ एकर जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाला मिळाली, त्यासाठी आपली चळवळ झगडली, आणि मला त्याचा अभिमान आहे. तरी एक गोष्ट बोलून दाखवतो. स्मारकासाठी जितकी माणसे रस्त्यावर आली त्यांच्या निम्मी जरी २००१ च्या त्या दुरुस्तीविरुद्ध आली असती तर? त्या वर्षी मीही आलो नव्हतो. मला ती दुरुस्ती वाचायलासुद्धा चार वर्षे लागली.

आता बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास चालू आहे. २०१७ साली भूमिपूजन झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या. १६० फुटांच्या गाळ्याबदली ५०० फुटांचे घर, तेही मोफत आणि त्याच जागी. ज्यांना आडनावामुळे शहरात खोली मिळत नव्हती त्यांची नातवंडे समुद्राकाठच्या चाळीस मजली इमारतीत राहतील. हे मी कमी लेखत नाही. देखभालीचा खर्च पेलेल का, पोरे दहा वर्षांत घर विकून कल्याणपलीकडे जातील का, शेजारच्या विक्रीच्या मनोऱ्यातला माणूस आमच्या जयंतीचा लाऊडस्पीकर किती दिवस ऐकून घेईल, हे प्रश्न आहेत. त्यांवर आता लेख येतीलच. मला प्रश्न पडतो तो गाळ्याबाहेरच्यांचा. धोरण गाळे मोजते. आणि आमच्या चाळींत गाळ्यांइतकीच वस्ती पॅसेजमध्ये, जिन्याखाली, गच्चीवर होती. पोटभाडेकरू, गाववाले, बदलीवाले. जनगणनेत जो अडीच लाख माणूस कमी झाला त्यात हे किती, याचा हिशेब कुणी मांडला असेल तर तो माझ्या पाहण्यात नाही.

नाना १८ वर्षे आमच्या दाराबाहेर झोपले. १९७६ साली काकू आणि दोन मुले गावाहून आली. तीन वर्षे कशीबशी रेटली आणि १९७९ साली नानांनी हार्बर लाइनच्या रुळाकडेला झोपडी घातली. बदलीचे काम संपात गेले. १९९१ साली नाना वारले. नव्या रेल्वे प्रकल्पासाठी रुळाकडेच्या झोपड्या हलवल्या तेव्हा त्यांच्या मुलाला मानखुर्दला २२५ फुटांची खोली मिळाली. रुळाकडेला राहिला त्याची मोजणी झाली आणि त्याला घर लागले. वरळीत १८ वर्षे राहिला त्या बापाची मोजणी कधी झालीच नव्हती. गिरणीच्या घरासाठी अर्ज करावा म्हटले तर बदलीचा पास लागतो. रुळाकडेच्या झोपडीत पास कुठे जपून राहणार?

आमच्या गाळ्याची पात्रता ठरवायला माणसे आली त्या दिवशी मी वडिलांच्या पत्र्याच्या पेटीतून सगळे कागद काढले. १९५२ पासूनच्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, विजेचे बिल, वडिलांचा मृत्यूचा दाखला. तळाशी दोऱ्याने बांधलेली पोस्टकार्डे होती. आजीने गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेली. प्रत्येकावर नानांचे नाव, खाली 'मार्फत' लिहून वडिलांचे नाव, आणि मग आमच्या चाळीचा व गाळ्याचा नंबर. पोस्टाचे शिक्के १९६१ पासूनचे. पोस्टमनला नाना तिथे राहतात हे ठाऊक होते.

पावत्या पाहून झाल्या, सह्या झाल्या, आम्ही पात्र ठरलो. पोस्टकार्डे कुणी मागितली नाहीत. मीही दाखवली नाहीत. गाळ्यात दुसरे नाव निघाले तर काम अडेल, अशी धास्ती मनात होती. मानखुर्दहून नानांचा मुलगा त्या दिवशी मदतीला आला होता. झेरॉक्सच्या रांगेत तोच उभा राहिला.