पाटलाच्या सहीपासून सिव्हिलच्या टेबलापर्यंत

मुंबई इलाख्यात १८६७ साली गावपोलिसांचा कायदा आला. त्यातल्या एका कलमाने गावोगावच्या पोलीस पाटलावर मोठी जोखीम टाकली. गावात कोणी अचानक किंवा अनैसर्गिक रीतीने मेले, नाहीतर कुठे प्रेत सापडले, तर पाटलाने ताबडतोब गावातली किंवा आसपासची दोन-चार शहाणी माणसे गोळा करायची, प्रेत पाहायचे, मरणाचे कारण ठरवायचे, ते लिहून काढायचे, त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि कागद पोलीस ठाण्याकडे धाडायचा. सोलापूर जिल्ह्यात डॉक्टर म्हणावा असा माणूस तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि मोजक्या मोठ्या गावांत होता. त्यामुळे सांगोल्याच्या माळावर किंवा करमाळ्याच्या एखाद्या वाडीत माणूस कशाने मेला, याचे पहिले उत्तर वैद्यकाचा गंध नसलेला पाटील देई.

त्याच काळात मुंबई शहरात वेगळी तऱ्हा होती. तिथे कॉरोनर नावाचा स्वतंत्र अधिकारी बसे. १८७१ च्या कॉरोनर्स ॲक्टप्रमाणे तो पाच ते पंधरा जणांची ज्युरी बोलावी, प्रेत दाखवी, साक्षी घेई आणि निकाल नोंदवी. डॉ. थॉमस ब्लेनी यांच्यासारखा लोकांत रुळलेला डॉक्टर १८७६ पासून सतरा वर्षे या खुर्चीत होता. अमेरिकेत १८७७ साली बोस्टनच्या सफोक काउंटीने कॉरोनरला रजा देऊन त्याच्या जागी वैद्यकीय परीक्षक नेमला, आणि न्यूयॉर्क शहराने १९१८ मध्ये तोच मार्ग धरला. मरणाचा शोध घेणारे एक कार्यालय, एक प्रमुख, एक शवागार, अशी ती रचना. सोलापूरला यातले काहीच कधी मिळाले नाही. इथे हे काम पाटील, फौजदार, सिव्हिल सर्जन, मुंबईचा रसायन परीक्षक आणि मॅजिस्ट्रेट यांच्यात वाटले गेले. एकाने पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे, तिसऱ्याने कापायचे, चौथ्याने तपासायचे. या सगळ्यांना बांधणारा धागा होता पंचांच्या सह्यांचा.

पंच म्हणजे शेजारीच. गळ्याभोवतीचा वळ तिरपा आहे की आडवा, तोंडाला फेस आहे का, नखांत माती आहे का, अंगावरचे दागिने जागच्या जागी आहेत का, हे ज्यांनी पाहायचे ते बहुधा मयताच्या रोजच्या ओळखीतले. त्यामुळे त्यांना बरेच काही ठाऊक असे, आणि नेमके त्याचमुळे बरेच काही बोलता येत नसे. पाटील ज्या भावकीचा, त्याच भावकीत मरण घडले तर सहीचे वजन किती धरायचे? सोलापुरात आणखी एक पदर होता भाषेचा. साखर पेठेतला विणकर घरी तेलुगू बोले, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नड, विजापूर वेशीतला माणूस दखनी. पंचनामा मात्र मराठीत, जुन्या काळी मोडीत, आणि प्रकरण वर गेले की निकाल इंग्रजीत. एकाच मरणाचा मजकूर असा तीन भाषांतून गाळून कोर्टापुढे येई. गावकीच्या वाटणीत मरणाचा निरोप गावोगाव पोचवण्याचे काम महारांकडे होते. तो वतनी बोजा कायद्याने उतरायला १९५८ साल उजाडावे लागले. पंचनाम्यावर सही करणाऱ्या ‘प्रतिष्ठितां’त मात्र निरोप नेणाऱ्यांची नावे शोधायला गेले तर फारशी सापडू नयेत, यात नवल नाही.

संशय आला तर प्रेत सिव्हिल सर्जनकडे पाठवायचे. इथे कायद्याने एक व्यवहारी अट घातली होती: हवामान आणि अंतर पाहता प्रेत वाटेत कुजून तपासणी निरुपयोगी ठरणार नसेल, तरच. इंग्रज मसुदाकाराने हे वाक्य लिहिताना सोलापूरचा मे महिना डोळ्यांपुढे ठेवला होता की काय, असे वाटते. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, बैलगाडीची वाट, वर चादर आणि बाभळीच्या फांद्या. अशा उन्हात एका दिवसात प्रेत फुगते, कातडी सुटते, चेहरा ओळखू येईनासा होतो. मग पाटलाचाच अहवाल शेवटचा ठरे. उन्हाळ्यात कितीतरी मरणे ‘झाडावरून पडून’ किंवा ‘विहिरीत पाय घसरून’ या दोन वाक्यांत मिटली असतील, आणि त्यातली सगळीच तशी नसतील.

विषाचा मामला त्याहून अवघड. मुंबईत १८७० च्या सुमारास सरकारी रसायन परीक्षकाची प्रयोगशाळा उभी राहिली. ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे आय. बी. लायन हे तिथले नावाजलेले परीक्षक. हिंदुस्थानातल्या न्यायवैद्यकावर त्यांनी लिहिलेले पुस्तक पुढे पिढ्यान्पिढ्या वकील-डॉक्टरांच्या टेबलावर राहिले. सोलापूरला आगगाडी १८६० मध्येच आली होती. त्यामुळे जठर, यकृताचा तुकडा, मूत्रपिंडाचे अर्धे अर्धे भाग बरण्यांत घालून, लाखेची मोहर मारून मुंबईला पाठवणे शक्य झाले. आजही व्हिसेरा असाच जातो: अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात, त्या द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत, मोहरेचा ठसा वेगळ्या कागदावर. बाटलीची मोहर तुटलेली निघाली की आतले विष खरे असूनही कोर्टात निष्प्रभ होते.

त्या काळचे विष म्हणजे प्रामुख्याने सोमल, अफू, धोत्रा, बचनाग, कण्हेर. वाटसरूंना गुंगी आणून लुटण्यासाठी धोत्र्याच्या बिया, आणि घरातला काटा काढायला सोमल. सोमलाने होणारी उलटी, जुलाब, पायांत गोळे, थंडगार पडलेले अंग ही सगळी लक्षणे पटकीशी इतकी जुळतात की न्यायवैद्यकाच्या पुस्तकांनी त्याबद्दल मुद्दाम बजावून ठेवले आहे. आता सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर. आषाढीला लाखाच्या घरात वारकरी, चंद्रभागेचे पाणी, आणि एकोणिसाव्या शतकात यात्रेच्या पाठोपाठ येणारी पटकीची साथ. अशा गर्दीत कोणी ओकून ओकून मेले तर त्याचे पोट कापून पाहायची कल्पना कोणाच्या मनात येणार? शोधायचा तो मृत्यू साथीच्या आकड्यात विरघळून जाई. खुनासाठी वारीपेक्षा सोयीची वेळ नव्हती, असे म्हणणे क्रूर वाटेल, पण तपासाच्या बाजूने पाहिले तर ते खरे आहे.

पंढरपूरने आणखी एका प्रकारच्या मरणाचा प्रश्न समोर आणला. पुनर्विवाह नाकारलेल्या उच्चवर्णीय विधवा, त्यांच्यावर लादलेली गर्भारपणे, आणि यात्रेच्या निमित्ताने दूर गावी होणारी बाळंतपणे. मूल टाकून दिलेले सापडे किंवा मेलेले सापडे. मेलेले सापडले की डॉक्टरपुढे प्रश्न एकच: ते जिवंत जन्मले होते का? त्यासाठी फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकून पाहत. श्वास घेतलेले फुप्फुस तरंगते, न घेतलेले बुडते. पण प्रेत कुजू लागले की आत वायू धरतो आणि कधीच श्वास न घेतलेले फुप्फुसही वर येते. त्या एका तुकड्यावर एखाद्या बाईचा जीव टांगलेला असे. खून सिद्ध झाला नाही तर दंडविधानातले ३१८ कलम होतेच. जन्म लपवण्यासाठी प्रेत गुपचूप नाहीसे केल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत शिक्षा.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पंढरपुरात १८७५ साली असेच घर उभे राहिले, आणि ते उभारण्यात पुढाकार होता तिथले न्यायाधीश, प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांचा. आजचा नवरंगे बालकाश्रम तो. न्यायासनावर बसणाऱ्या माणसालाच तपासापेक्षा पाळणा उपयोगी वाटावा, यात त्या काळच्या न्यायवैद्यकाच्या ताकदीचा अंदाज येतो.

मरणाचा शोध घेणारे पोलीस आणि मरण घडवणारेही पोलीस, असे झाले की ही सगळी यंत्रणा कशी अडखळते, हे सोलापूरने १९३० मध्ये पाहिले. ८ मे रोजी जमावावर गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण हुतात्मा झाला. दंगलीत पोलीसही मारले गेले, आणि १२ मे पासून शहरात मार्शल लॉ लागला. गोळीबारात किती मेले याबद्दल सरकारचे आणि गावाचे एकमत कधी झालेच नाही. पोलिसांच्या मृत्यूवरून मात्र खटला उभा राहिला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. चौकातले चार पुतळे शहराला ठाऊक आहेत. त्या मे महिन्यातल्या प्रेतांचे कागद कोणी फारसे विचारत नाही.

कॉरोनर असला म्हणजे सारे सुरळीत, असेही नव्हे. नोव्हेंबर १९५६ मध्ये पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे यांना रात्रीच्या गाडीने मुंबईला आणले गेले. त्या पहाटे बेशुद्धावस्थेतच गोकुळदास तेजपाल रुग्णालयात पोचल्या आणि काही तासांतच वारल्या. नाव भलतेच सांगितलेले, निदान मधुमेहाच्या बेशुद्धीचे, प्रेत बेवारस. ते शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी जायला निघाले होते. मानेवरचा एक ओरखडा कोणाच्या तरी नजरेत भरला आणि शवविच्छेदन झाले. विष काही सापडले नाही. तरीही परिस्थितिजन्य पुराव्यावर त्यांच्या डॉक्टरला, अनंत चिंतामण लागू याला, फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने कायम केली. रसायन परीक्षकाचा अहवाल कोरा म्हणजे विष नव्हतेच, असे मानायचे नाही, हे या खटल्याने पक्के केले. मुंबईसारख्या सज्ज शहरात हा मृत्यू एका ओरखड्यामुळे उजेडात आला. त्याच बाई वाटेत एखाद्या आडगावात उतरवल्या गेल्या असत्या तर?

स्वातंत्र्यानंतर वंशपरंपरेची पाटीलकी गेली. १९६७ च्या नव्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. गावातल्या संशयास्पद मरणाची खबर देण्याचे काम मात्र त्याच्याकडेच राहिले. १९६३ मध्ये सोलापुरात डॉ. वैशंपायन यांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि न्यायवैद्यकशास्त्र हा विषय शहरात शिकवला जाऊ लागला. त्याला जोडलेले रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’च. ‘बॉडी सिव्हिलला नेली’ एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, हवालदार मरणोत्तर पंचनामा करतो, उत्तरीय तपासणीचे पत्र देतो, आणि बाहेर लिंबाखाली नातेवाईक थांबतात. टेबलावर प्रत्यक्ष सुरी चालवणारा बऱ्याच ठिकाणी शवागारातला कर्मचारी असतो. डॉक्टर पाहतो, सांगतो, लिहितो, सही करतो. त्या कर्मचाऱ्याचा अनुभव कोणत्याच अहवालात येत नाही.

सूर्यास्तानंतर शवविच्छेदन नाही, हा दंडक दशकानुदशके चालला. दिव्याच्या पिवळ्या उजेडात जखमेचा रंग फसवतो, हे त्यामागचे जुने कारण. संध्याकाळी अपघात झाला की घरच्यांची रात्र शवागाराच्या दारात जाई. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सोय असेल तिथे रात्री शवविच्छेदनाला मुभा दिली. खून, आत्महत्या, बलात्कार आणि कुजलेली प्रेते मात्र सहसा दिवसासाठीच राखून ठेवली.

विषेही बदलली. सोमलाची जागा हरितक्रांतीनंतर एंड्रिन, फॉलिडॉल आणि त्यांच्या भाऊबंदांनी घेतली. शेताच्या कोपऱ्यातल्या डब्यात ती सहज हाताशी आली. फॉलिडॉलच्या जातीचे विष पोटात गेले की बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला फेस येतो, उग्र वास सुटतो. कित्येकदा टेबलाशी उभे राहताच डॉक्टरला अंदाज येतो, तरी कागदावर लिहावे लागते ‘व्हिसेरा राखून ठेवला, मत प्रलंबित’. ते मत यायला लागणारा वेळ हा घरच्यांचा वेगळा जाच. १९८३ च्या दुरुस्तीने लग्नानंतर सात वर्षांच्या आत झालेल्या विवाहितेच्या आत्महत्येत वा संशयास्पद मृत्यूत शवविच्छेदन सक्तीचे केले आणि पंचनाम्याला कार्यकारी दंडाधिकारी आला. तहसीलदार किंवा नायब तहसीलदार माहेरच्यांसमोर पंचनामा करू लागला. सासरच्या गावचे पंच आणि सासरच्याच भावकीचा पाटील, या जुन्या जोडीला लागलेला हा पहिला खरा शह.

मुंबईचा कॉरोनर १९९९ साली कायद्याने रद्द झाला. तेव्हापासून मुंबईतही पोलीसच पंचनामा करतात. राजधानीने या बाबतीत सोलापूरची पद्धत उचलली म्हणायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हे काम कलम १९४ खाली येते. अहवाल चोवीस तासांत दंडाधिकाऱ्याकडे पोचला पाहिजे, ही तिथली नवी अट. आजूबाजूचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी अजून हवेत. प्रेत वाटेत कुजणार नसेल तर डॉक्टरकडे पाठवावे, ते वाक्यही शीतपेटीच्या जमान्यात जसेच्या तसे आहे. आता मात्र त्या कागदांची गरज कोर्टाहून अधिक कचेरीत भासते. शेतात वीज पडून किंवा साप चावून कोणी गेले, तर शेतकरी अपघात अनुदानाच्या अर्जासोबत पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडावा लागतो. कर्जापायी शेतकऱ्याने जीव दिला, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जाते आणि त्यावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. त्या फाईलमधला पहिला कागद बहुतेक वेळा गावच्या पोलीस पाटलाच्या खबरीचा असतो.