धावफलकात नसलेला रकाना

धावफलकावर खेळाडूंची नावे असतात, पंचांचीही असतात. प्रशिक्षकाला मात्र रकाना नसतो. त्यामुळे चंद्रकांत पंडितांची कारकीर्द कागदांवरून जुळवू गेले, की निम्म्या वाटेवर नावच हरवते.

पूर्वार्ध सोपा आहे. जून १९८६, लीड्सवर कसोटी पदार्पण. एकूण ५ कसोट्या, १७१ धावा. ३६ एकदिवसीय सामने. १९८७च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात २४. मग मुंबईचा हा यष्टिरक्षक मध्य प्रदेशाकडे गेला. एप्रिल १९९९मध्ये बंगळुरूच्या रणजी अंतिम सामन्यात तोच कर्णधार होता. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी, दुसऱ्या डावात १५० सर्वबाद. कर्नाटक ९६ धावांनी विजयी.

प्रशिक्षक म्हणून पुढचा माग फक्त निकालांतून काढावा लागतो. पंडितांच्या हाताखाली मुंबईने तीनदा रणजी करंडक जिंकला, पण जानेवारी २०१७मध्ये इंदूरला गुजरातकडून अंतिम सामना गमावला. त्यानंतर ते विदर्भाकडे आले. बुलढाण्यापासून गोंदियापर्यंतच्या पोरांचा हा संघ १९५७-५८पासून रणजी खेळत होता, पण अंतिम फेरी त्याने पाहिलीच नव्हती.

डिसेंबर २०१७मधला ईडन गार्डन्सचा उपांत्य सामना नीट वाचण्यासारखा आहे. विदर्भ १८५, कर्नाटक ३०१. पहिल्याच डावात ११६ धावांनी मागे पडलेला विदर्भ दुसऱ्या डावात ३१३ करतो. कर्नाटकाला १९८ हव्या होत्या, झाल्या १९२. पाच धावांचा फरक! रजनीश गुरबाणीचे सामन्यात १२ बळी. हे श्रेय प्रशिक्षकाच्या खात्यावर टाकायला कागदात आधार नाही, आणि पंडितांच्या कडक शिस्तीचे किस्से मी मुद्दाम बाजूला ठेवतो. १ जानेवारी २०१८ला इंदूरच्याच मैदानावर अंतिम सामन्यात विदर्भाने दिल्लीला ९ गड्यांनी हरवले. पुढच्या मोसमात जामठ्याला सौराष्ट्राविरुद्ध ७८ धावांनी जिंकून करंडक राखला.

एकाच संघाचे यश असते, तर ते खेळाडूंचे म्हणून सोडून देता आले असते. पण जून २०२२मध्ये बंगळुरूलाच पंडितांच्या हाताखाली मध्य प्रदेशाने मुंबईला ६ गड्यांनी हरवून पहिला करंडक मिळवला. तीन संघ, सहा करंडक. खेळाडू दरवेळी बहुतांशी वेगळे. १९९९च्या बंगळुरूच्या धावफलकावर पंडितांचे नाव आहे, २०२२च्या नाही.